मौन शिबिरासाठी शिवून घेतलेली बैठक : नाना पेठेतील एका गादी कारखान्याच्या कामाचे परीक्षण

नाना पेठेतील एका जुन्या गादी कारखान्याकडून मी विपश्यना शिबिरासाठी एक बैठक शिवून घेतली. सावरीच्या कापसाने भरलेली गोल उशी, तिच्याखाली अंथरायची चौकोनी गादी आणि दोहोंवर घालायच्या, धुण्यासाठी काढता येतील अशा खोळी, एवढा तिचा संच आहे. आळंदीजवळच्या मरकळ येथील धम्मानंद केंद्रात १० दिवसांच्या शिबिराला जाण्यापूर्वी घरी सकाळ-संध्याकाळ आणि नंतर संपूर्ण शिबिरभर ती वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. शिबिराला प्रथमच निघालेल्या माणसाने, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या आणि गुडघे-कंबर बोलू लागलेल्या माणसाने, तयारीत बैठकीला किती महत्त्व द्यावे आणि ती करवून घेताना कारागिराला काय सांगावे, हे त्यातून कळावे असा हेतू आहे.

एका उशीवर इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की या शिबिराच्या तयारीत विकत घेण्यासारखे फारसे काही नसतेच. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली ही साधना १९६९ साली मुंबईत प्रथम शिबिररूपाने शिकवली आणि पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीतून ती देशभर पसरली. या परंपरेच्या केंद्रांमध्ये शिक्षणाचे, निवासाचे किंवा भोजनाचे शुल्क घेतले जात नाही, आणि दानसुद्धा किमान एक शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच स्वीकारले जाते. फोन, पुस्तके, वही-पेन, जपमाळ, संगीताची साधने आणि सुगंधी द्रव्ये सोबत ठेवायची नसतात. सैल सुती कपडे, पहाटेसाठी शाल, नेहमीची औषधे, बिनवासाचा साबण आणि टॉर्च एवढ्यावर पिशवी भरते. म्हणून ज्या एका वस्तूशी शरीराचा दिवसभर संबंध येणार आहे, ती नीट पारखून घेण्यात वेळ घालवणे मला योग्य वाटते.

दिवसभर हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा, न्याहारीनंतर आठ ते अकरा, दुपारी एक ते पाच, संध्याकाळी सहा ते सात आणि प्रवचनानंतर सव्वाआठ ते नऊ अशा बैठका धरल्या तर साधनेचेच पावणेअकरा तास होतात, आणि सायंकाळचे सुमारे सव्वा तासाचे प्रवचनही बहुतेक जण त्याच जागेवर बसून ऐकतात. मध्ये थोड्या विश्रांती असतात, काही वेळा आपल्या खोलीत बसण्याची मुभाही असते, तरीही ऑफिसातल्या खुर्चीची सवय झालेल्या शरीराला जमिनीवरचे इतके तास सर्वस्वी नवे असतात. पहिले तीन दिवस आनापानाचे, म्हणजे नैसर्गिक श्वासावर लक्ष ठेवण्याचे असतात. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरच्या संवेदना समतेने पाहण्याची साधना, दिली जाते आणि त्यानंतर दिवसातल्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात, म्हणजे तासभर हात, पाय आणि डोळे न हलवण्याचा निश्चय करून बसायचे असते. बैठकीची खरी परीक्षा त्या तासात होते.

शिबिरात वेदना होणारच, आणि ती समतेने पाहणे हाच शिकवणीचा गाभा आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यामुळे उशीची चौकशी करणाऱ्याला कधी कधी असे ऐकवले जाते की एवढी सोय हवी असेल तर शिबिराला जायचेच कशाला. मी या मताशी सहमत नाही. मांडीच्या स्नायूंचा ताण, पाठीची जडता आणि मनाच्या चुळबुळीतून उठणारी अस्वस्थता पाहत बसणे वेगळे, आणि चुकीच्या उंचीमुळे गुडघ्याचा सांधा पिळवटला जात असताना हट्टाने बसणे वेगळे. पहिल्या प्रकारात साधकाला शिकायला मिळते, तर दुसऱ्यात दुखापत होते आणि तो पाचव्या दिवशी शिबिर सोडण्याचा विचार करू लागतो. चांगली बैठक वेदना नाहीशी करत नाही आणि तिने करूही नये. जी वेदना निव्वळ बैठकीच्या दोषामुळे निर्माण होते, तेवढी तिने दूर ठेवावी, हीच माझ्या परीक्षणाची कसोटी आहे.

त्यासाठी उंची सर्वांत महत्त्वाची. मांडी घातल्यावर गुडघे नितंबांपेक्षा खाली यायला हवेत आणि ते खालच्या गादीला टेकायला हवेत. असे झाले की कटिभाग किंचित पुढे झुकतो, कण्याला त्याचा स्वाभाविक बाक मिळतो आणि पाठ ताठ ठेवण्यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही. उशी फार बुटकी असेल तर गुडघे अधांतरी राहतात, कंबर मागे कलते आणि अर्ध्या तासात पाठीचा खालचा भाग भरून येतो. फार उंच असेल तर सारा भार पुढे जाऊन गुडघ्यांवर येतो. उशीच्या मधोमध न बसता पुढच्या भागावर बसावे, कारण मागे सरकून बसल्यास उशीची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते, तिथल्या नसेवर दाब येतो आणि पायाला मुंग्या येतात.

आपली उंची किती हे दुकानात पाच मिनिटे बसून कळत नाही. मी घरी सोलापुरी चादरींच्या घट्ट घड्या एकावर एक रचल्या आणि रोजच्या बैठकीत एकेक घडी वाढवत-कमी करत, ज्या उंचीवर पाऊण तासानंतरही कंबर मागे कलली नाही ती उंची पट्टीने मोजली. वजन पडल्यावर घड्या दबतात, म्हणून माप बसलेल्या स्थितीतच घ्यावे आणि त्यासाठी घरातल्या कोणाची तरी मदत घ्यावी. माझे माप साडेचार इंच आले. सावरीचा कापूस बसल्यावर चांगलाच दबतो, म्हणून कारखान्यात मी सहा इंच उंचीची आणि चौदा इंच व्यासाची उशी सांगितली. ही मापे माझ्या शरीराची आहेत. माझ्यापेक्षा उंच, ताठर सांध्यांच्या माझ्या भाच्याला याहून दोन इंच अधिक लागले, म्हणून दुसऱ्याचे माप उसने घेण्यात अर्थ नाही.

आता भरणाविषयी, कारण निवडीचा खरा प्रश्न इथे आहे. बाजारात ध्यानाची उशी म्हणून जे मिळते, त्यातील बहुतेक फोमचे असते. ऑनलाइन मागवलेली अशी एक उशी माझ्याकडे होती. पहिल्या आठवड्यात ती फार सुखद वाटली, पण फोम सतत वर ढकलत राहतो, त्यामुळे शरीर सूक्ष्मपणे डोलत असते आणि ते सावरण्यात पाठीचे स्नायू थकतात. शिवाय काही महिन्यांत ती मधोमध बसली आणि कडा तेवढ्या उंच राहिल्या. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत संपल्याचे कळवले. साध्या कापसाची उशी स्थिर असते, पण ती जड होते, कापसाच्या गाठी बनतात, वर्ष-दोन वर्षांनी तो पुन्हा पिंजून घ्यावा लागतो आणि पावसाळ्यात ओल धरल्यावर तिला कुबट वास येतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल.

सावरीचा कापूस या दोहोंहून निराळा आहे. काटेसावरीची आणि पांढऱ्या सावरीची बोंडे उन्हाळ्यात उकलतात आणि त्यातून रेशमासारखा जो मऊ कापूस उडतो, तो हा. त्याचा तंतू आखूड आणि गुळगुळीत असल्याने त्याचे सूत सहजी निघत नाही, म्हणून तो उशा-गाद्यांच्या वाट्याला येतो. तंतू आतून पोकळ असतो, त्यात हवा असते आणि त्याच्यावर मेणासारखा लेप असतो, त्यामुळे तो अतिशय हलका असून पाणी सहज शोषत नाही. बैठकीच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की तो आधी दबतो आणि मग बसणाऱ्याच्या आकारात स्थिर होतो. दबल्यानंतर तो फोमसारखा उलट जोर लावत नाही. बसून उठल्यावर उशी दोन्ही बाजूंनी थोपटून, एकदा उलटी करून ठेवली की बरीचशी उंची परत येते. दोष दोन आहेत. कालांतराने तंतू मोडून त्याचा भुगा होऊ लागतो, आणि हा कापूस झटकन पेट घेतो, म्हणून उशी समई, निरांजन किंवा उदबत्तीजवळ ठेवू नये.

एक कसोटी अशी आहे की जिचा विचार दुकानदार कधीच करत नाहीत आणि मौन शिबिराला जाणाऱ्याने मात्र करायलाच हवा. ती म्हणजे आवाज. आर्य मौनात माणसे बोलत नाहीत, एकमेकांना खुणा करत नाहीत, आणि धम्महॉलमध्ये शंभर जण बसलेले असताना इतकी शांतता असते की शेजारच्या रांगेतली साधी हालचाल कानात घुमते. थर्मोकोलच्या मण्यांनी भरलेल्या उशीवर बसणाऱ्याने जरा अंग हलवले तरी करकर होते. रेक्झिनची खोळ सुती कपड्यांवर चिकटून सुटताना आवाज करते. पिशवीच्या चिकटपट्टीचा (व्हेल्क्रोचा) फर्रकन होणारा आवाज तर दहा-बारा जणांचे लक्ष विचलित करतो. त्याच कारणाने काचेच्या बांगड्या, पैंजण आणि घुंगरू लावलेली किल्ल्यांची साखळी घरीच ठेवून जावे. सावरीच्या कापसाची, खादीच्या खोळीची माझी बैठक या कसोटीला पूर्णपणे उतरली. तिच्यावर बसताना, तिरके होताना किंवा उठताना मला स्वतःलाही काही ऐकू आले नाही, आणि शिबिरानंतर मला सर्वाधिक समाधान याच गोष्टीचे वाटले, कारण आपल्या सोयीची किंमत शेजारच्या साधकाने मोजावी हे बरोबर नाही.

कारखान्याच्या कामाबद्दल बोलायचे तर तिथल्या वृद्ध मालकांनी दाखवलेली आस्था मला फार भावली. ध्यानासाठी उशी हवी असे सांगितल्यावर त्यांनी आधी विचारले, “ताई, किती वेळ बसणार?” आणि तास-तासाच्या अनेक बैठका असे कळल्यावर त्यांनी नेहमीच्या लोडाच्या हिशोबाने भरण करायला नकार दिला. लोडाला टेकायचे असते, त्यामुळे त्यात भरण सैल चालते. बसायच्या उशीत ते ठासून भरावे लागते, आणि तेही थोडे-थोडे, कडेकडेने दाबत, नाहीतर मधे पोकळी राहते. त्यांच्या कारागिराने मांजरपाटाची आतली पिशवी आधी शिवली. वर-खाली दोन गोल तुकडे आणि कडेने चुण्या घातलेली पट्टी अशी तिची रचना होती. चुण्यांमुळे कापूस बाजूला पसरायला जागा मिळते आणि उशी फुटबॉलसारखी गोल न होता सपाट बसते. भरण झाल्यावर मालकांनी मला दुकानातच पंधरा-वीस मिनिटे तिच्यावर बसायला लावले, बाजूला उभे राहून माझे गुडघे कुठे टेकतात ते पाहिले आणि आणखी दोन मुठी कापूस घालून तोंड शिवले. तयार माल हातात देऊन मोकळे होणाऱ्या दुकानांच्या तुलनेत ही सेवा फार मोलाची आहे.

खालच्या गादीसाठी मी अठ्ठावीस इंच लांबी-रुंदी आणि दोन इंच जाडी सांगितली होती, आणि तिच्यात मुद्दाम साधा कापूस भरून घेतला. घोटे आणि गुडघे जिथे टेकतात तिथे फार मऊपणा नको असतो, कारण गुडघे रुतले की उशीची उंची जणू वाढते आणि साधलेला तोल बिघडतो. गादीला टाके घालताना त्यांनी ते सरळ रेषांत न घालता चौकटीच्या कोपऱ्यांवर घातले, त्यामुळे घोट्याखाली दोऱ्याची गाठ येत नाही. हे काम उत्कृष्ट झाले आहे. फक्त मोठ्या केंद्रांमध्ये पगोड्यातील शून्यागारात बसण्याची संधी ज्यांना मिळते त्यांनी गादी चोवीस इंचांची करावी, कारण ती कोठडी लहान असते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. ठरलेल्या दिवशी काम झाले नव्हते आणि शिबिराची तारीख जवळ आल्याने माझी बरीच धावपळ झाली. खोळीची चेन उशीच्या कडेला मधोमध लावली होती, त्यामुळे बसल्यावर ती उजव्या घोट्याला घासायची. सांगितल्यावर त्यांनी ती तळाशी, झाकपट्टीच्या आत लावून दिली, पण हे त्यांना आधी सुचायला हवे होते. खादी शिवण्यापूर्वी पाण्यातून काढली नसल्याने पहिल्या धुण्यात खोळ आकसली आणि घालताना ओढाताण करावी लागू लागली. कापड आपण देणार असू तर ते आधी भिजवून, वाळवून द्यावे. आणखी एक गोष्ट म्हणजे आतल्या पिशवीला पुन्हा भरण करण्यासाठी तोंड ठेवलेले नाही, शिवण उसवावी लागते. ज्या वस्तूचे भरण दबणार हे कारखान्याला ठाऊक आहे, तिला बंद-उघड करता येणारे तोंड ठेवणे अवघड नव्हते.

शिबिरात बैठक कशी चालली ते आता सांगते. आनापानाच्या दिवसांत शरीर स्थिरावण्यासाठी धडपडत असते आणि सगळेच साधक सतत आसन बदलत असतात. आजूबाजूला उशांचे मनोरे रचले जातात, दुसऱ्या दिवशी मोडले जातात आणि तिसऱ्या दिवशी नव्याने रचले जातात. घरीच उंची ठरवून गेल्यामुळे मी त्या शोधात पडले नाही आणि श्वासाकडे लक्ष देण्यासाठी मला मोकळे मन मिळाले. अधिष्ठानाच्या बैठका सुरू झाल्यावर उजव्या गुडघ्यात आणि खांद्यांमध्ये वेदना आली, चांगली तीव्र आली, पण घंटेनंतर पाय लांब केल्यावर ती काही क्षणांत विरून जायची. बैठक बरोबर असल्याची ही चांगली खूण आहे. उठल्यानंतरही गुडघा दुखत राहिला, सुजला किंवा जिना उतरताना कळ आली, तर ते सोसत न बसता दुपारी बारा ते एकच्या वेळेत सहायक आचार्यांना भेटून सांगावे. मौन काळातही आचार्यांशी साधनेविषयी आणि व्यवस्थापकांशी अडचणींविषयी बोलण्याची परवानगी असते. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत उशी एकूण सुमारे पाऊण इंच बसली. त्यावर मी शालीची एक घडी तिच्याखाली घातली आणि काम भागले.

बुद्धाच्या अनुशासनात बसण्याच्या साधनांचा विचार किती बारकाईने झाला आहे, हे पाहिले की उशीची निवड क्षुल्लक मानण्याची सवय सुटते. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांच्यासारख्या विद्वानांमुळे विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे, नियम मराठी वाचकांना परिचित झाले. विनयातील एका नियमाप्रमाणे भिक्खूने कापूस भरलेला पलंग किंवा बाक करवला तर तो कापूस काढून टाकावा लागतो, पण उशीसाठी झाडाचा, वेलीचा आणि गवताचा कापूस वापरण्यास विनयाच्याच चुल्लवग्ग या भागात अनुमती आहे. निसीदन नावाचे बसण्याचे वस्त्र भिक्खूच्या जवळच्या वस्तूंपैकी एक आहे आणि त्याचे मापही ठरलेले आहे. हे माप ठरवून दिल्यावर धिप्पाड शरीराचे उदायी नावाचे भिक्खू ते वस्त्र चारही बाजूंनी ओढून-ताणून त्यावर बसू लागले, तेव्हा बुद्धाने कारण विचारले आणि वस्त्र लहान पडते असे कळल्यावर त्याला वीतभर किनार जोडण्याची मुभा दिली. संयमाचा नियम तसाच राहिला आणि तो माणसाच्या शरीराला जुळवून घेतला गेला. मला ही कथा फार आवडते, आणि ‘मोठी उशी चालेल का’ असे संकोचाने विचारणाऱ्या प्रत्येक नव्या साधकाला ती सांगावीशी वाटते. जुन्या साधकांच्या आठ शीलांमध्ये उंच आणि विलासी शय्या वर्ज्य आहे, परंतु तो नियम झोपण्याच्या जागेचा आहे. ताठ बसता यावे म्हणून घेतलेल्या साध्या उशीने त्याला बाध येत नाही.

तरीही प्रत्येकाने अशी बैठक करवून घ्यावीच असे मी म्हणणार नाही. केंद्रात प्रत्येक साधकाच्या जागेवर गादी असते, जास्तीच्या उशा मिळतात आणि वय किंवा आजारपणामुळे जमिनीवर बसता येत नसेल त्याला खुर्ची दिली जाते. खुर्चीवर बसणाऱ्याची साधना कमी प्रतीची ठरत नाही. विशी-तिशीतल्या, रोज जमिनीवर जेवायला बसणाऱ्या माणसाला केंद्रातली साधी उशी पुरेशी होईल. स्वतःची बैठक नेणे ज्यांना खरोखर उपयोगाचे आहे, त्यात कंबरदुखीचा जुना त्रास असलेले, खूप उंच किंवा खूप बुटके असलेले, आणि शिबिरानंतर घरी सकाळ-संध्याकाळ तासभर बसण्याचा निश्चय केलेले साधक येतात. मी तिसऱ्या गटातली आहे, आणि माझ्या दृष्टीने बैठकीचा मुख्य उपयोग घरचाच आहे. ज्यांना मांडी घालणेच जमत नाही, त्यांनी वज्रासनाच्या धर्तीवर गुडघे टेकून बसण्याचा छोटा लाकडी बाक सुताराकडून करवून घ्यावा. भाच्यासाठी आम्ही तो सात इंच उंच, पुढे किंचित उतरता असा बनवून घेतला आणि फरशीवर सरकताना आवाज होऊ नये म्हणून पायांना रबर लावले. त्याला तो मानवला आहे.

बैठक कोणतीही घेतली तरी ती शिबिराच्या निदान महिनाभर आधी हाती यायला हवी आणि तिच्यावर रोज बसायला हवे. कोरी करकरीत उशी थेट शिबिरात नेणे म्हणजे नवी चप्पल घालून आळंदीहून पंढरपूरच्या वाटेला लागण्यासारखे आहे. सुरुवातीला वीस मिनिटे, मग अर्धा तास, मग पाऊण तास असे वाढवत जावे, आणि पहाटे साडेचारची बैठक एकदा तरी घरी करून पाहावी, कारण त्या वेळी सांधे सर्वाधिक आखडलेले असतात आणि दुपारी सोयीची वाटलेली उंची पहाटे अपुरी पडू शकते. त्या काळात साधना कोणती करावी हा प्रश्न पडेल. ज्यांनी अजून शिबिर केलेले नाही त्यांनी डोळे मिटून शांत बसून स्वाभाविक श्वास पाहणे पुरेसे आहे, पद्धत शिबिरातच शिकावी. ज्यांचे एखादे शिबिर झाले आहे त्यांना स्वारगेटजवळ दादावाडीतल्या धम्मपुण्ण केंद्रात होणाऱ्या सामूहिक साधनेचा चांगला उपयोग होतो. घरातल्या एकांतापेक्षा इतरांसोबत तासभर बसल्यावर आपल्या बैठकीचे गुणदोष अधिक स्पष्ट कळतात.

खर्चाचे म्हणाल तर उशीचे ९५० आणि गादीचे १४०० रुपये झाले, खोळींच्या शिलाईचे वेगळे आणि खादी माझी स्वतःची. ऑनलाइन मिळणाऱ्या फोमच्या संचापेक्षा हे थोडे महाग आहे, पण मापाबरहुकूम काम आणि नंतरची देखभाल पाहता मला ते रास्त वाटते. उशी दीड किलोच्या आत भरते, गादी मात्र जड आहे आणि गुंडाळली तरी पीएमपीच्या बसमधून आळंदीपर्यंत नेताना गैरसोयीची होते. सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांनी फक्त उशी न्यावी आणि खालची गादी केंद्रातली वापरावी, उंचीचा फरक फारसा पडत नाही. अर्ज निश्चित झाल्याचे कळले की स्वतःची उशी आणली तर चालेल का, हे केंद्राला विचारून घ्यावे. खोळ एकरंगी, फिक्या किंवा मातकट रंगाची असावी, तिच्यावर कोणतेही चित्र, मंत्र किंवा चिन्ह नसावे, आणि आतल्या बाजूला आपले नाव लिहावे, कारण हॉलमध्ये सगळ्या उशा सारख्याच दिसतात आणि मौनात कोणाला विचारता येत नाही.

देखभाल सोपी आहे. महिन्यातून एकदा खोळ काढून उशी सकाळच्या उन्हात तासभर ठेवावी, ती धुऊ नये आणि तिच्यावर झोपू नये. शिबिरानंतर बसलेली पाऊण इंच उंची मी कारखान्यात भरून आणली. मालकांनी माझी मापे त्यांच्या वहीत लिहून ठेवली होती आणि वाढीव कापसाचेच पैसे घेतले. भरण उघडताना तंतू हवेत उडतात, म्हणून दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या वेळी तिथे थांबू नये. डिसेंबरपासून मेपर्यंत लग्नसराईच्या गाद्यांमुळे तिथल्या कारागिरांना उसंत नसते, तेव्हा त्या काळात शिबिर असेल तर दोन महिने आधी सांगावे, आगाऊ रक्कम देताना चेनची जागा आणि पुन्हा भरण्यासाठी तोंड ठेवण्याची सूचना पावतीवर लिहून घ्यावी, आणि उशी ताब्यात घेण्यापूर्वी दुकानात बसून पाहिल्याशिवाय तिथून निघू नये.